डिकीच्या कंट्रोलरला अनावृत पत्र

प्रिय कंट्रोलर,



किल्लीचं बटण दाबलं की डिकी आपोआप वर जाते, त्याचं कौतुक मोटरच्या वाट्याला येतं. डिकी अडली की बोल मात्र तुला लागतो. 2023 साली नव्या रूपात आलेल्या हॅरियर-सफारी गाड्यांत बंपरखाली पाय हलवून डिकी उघडायची सोय आली. आपोआप उघडणाऱ्या डिकीच्या हेक्टर, हायक्रॉस या गाड्याही आता रस्त्यावर रोज दिसतात. तेव्हा "कंट्रोलर मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल" हे वाक्य गॅरेजात वारंवार ऐकू येणार. म्हणून तुझी बाजू आताच मांडतो.

डिकी उघडण्यापेक्षा ती वेळेवर थांबवणं हे तुझं मोठं काम. मोटरमधल्या सेन्सरचे पल्स मोजून दरवाजा कुठवर आलाय हे तू ओळखतोस. वेग एकाएकी मंदावला, मोटर जास्त करंट ओढू लागली किंवा कडेची रबरी पट्टी दाबली गेली, की दरवाजा मागे फिरवतोस. खाली एखाद्या लेकराचा हात असू शकतो.

हीच दक्षता तुझ्या अंगाशी येते. डिकीच्या शॉकरमधला गॅस कमी झाला की दरवाजा जड होतो आणि तू तो अडथळा समजतोस. अर्ध्यावरून परतणारी डिकी पाहून लोक तुलाच काढायला निघतात. बॅटरी उतरलेली असताना तू काम नाकारतोस, तेही योग्यच. छतातून डिकीत जाणाऱ्या रबरी नळीतल्या वायरी तर वाकून वाकून आतल्या आत तुटतात, वरून काही कळत नाही. माझ्या मते पहिला हात तिथेच घालावा. आपल्या पावसाळ्यात टेललॅम्पच्या गॅस्केटमधून पाणी झिरपतं, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. तो तसाच ठेवून बसवलेला नवा कंट्रोलरही त्याच वाटेने जाणार.

कधी तू खरोखरच जळतोस. तेव्हा डिकी उघडी ठेवूनच बॅटरी सोडवावी, नाहीतर तिचं इलेक्ट्रिक लॉक उघडत नाही. मागच्या खांबापर्यंत कर्टन एअरबॅग असू शकते, म्हणून काही मिनिटं थांबून मगच ट्रिमच्या क्लिपा काढाव्यात. बऱ्याच गाड्यांत नव्या कंट्रोलरला स्कॅनरवरून त्या गाडीची ओळख द्यावी लागते. कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला स्वस्त भाग त्यामुळे अनेकदा चालतच नाही. शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे दरवाजा पूर्ण मिटून, मोटरने पूर्ण उघडून, पुन्हा मिटून नव्या कंट्रोलरला दोन्ही टोकं शिकवणं. कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या क्रमानेच ते व्हायला हवं. ते न करता गाडी ग्राहकाच्या हाती देणं हा मी गुन्हाच मानतो. दरवाजा कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर बोटांची जबाबदारी कशी टाकायची?

आणि गाडीमालकांनो, नव्या कंट्रोलरच्या बिलाला होकार देण्याआधी स्कॅनरवरचा कोड, फ्यूज आणि रबरी नळीतली वायर डोळ्यांदेखत तपासून घ्या. गाडी परत घेताना मिटणाऱ्या डिकीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून ती मागे फिरते का पाहा. हात मात्र घालू नका.