पेण-रोह्याचा वैशाख

पेणहून वडखळमार्गे धरमतरच्या खाडीकडे जाताना जी सपाट भुई लागते, तिला तिकडील लोक खारेपाट म्हणतात. ही भुई समुद्राने आपणहून दिलेली नाही. भरती मातीच्या बाहेरकाठ्याने अडवून, पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून, पिढ्यान्‌पिढ्या धुऊन ती भातास लायक केलेली आहे. बांध घालणाऱ्यांची आठवण जुन्या महसुली दप्तरांत शिलोत्री पद्धत या नावाने उरली आहे. काठ्यास खांड पडली आणि ती वेळीच बुजविली नाही, की उधाणाचे खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तेथे तिवरे रुजतात.

खाडीचे हे पाऊल आता आकाशातून मोजता येते. गंगोत्रीची हिमनदी मागे हटते आहे, हे ज्या उपग्रहांच्या चित्रांवरून ठरविले जाते, तेच उपग्रह आमच्या पेण-रोह्यावरूनही जातात. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली उडाला, आपला आयआरएस-१ए १९८८ साली. १९८२ पासूनच्या लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे तीस मीटर लांबीरुंदीचा तुकडा. त्यात काठा दिसत नाही. तो फुटल्याचा परिणाम दिसतो.

मात्र चित्र कोणत्या दिवसाचे, यावर सारे अवलंबून! हिमालयात नवे बर्फ हिमनदीची खरी हद्द झाकते, म्हणून ते वितळल्यावरचे, बहुधा सप्टेंबराचे, चित्र घेतात. आमच्याकडे तेच फसविण्याचे काम भरती करते. एक चित्र भरतीचे आणि दुसरे ओहोटीचे घेतल्यास समुद्र आला की गेला, काहीच कळावयाचे नाही. पावसाळ्यात तर ढगच दिसतात. तेव्हा वैशाख उत्तम. भात दिवाळीच्या सुमारासच कापलेले असते, खार तडकलेली असते. अशा वेळी खाडीकाठी हिरवे असते ते तिवर. वनस्पती डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश जोराने परतवितात आणि तो चित्रात तांबड्या रंगाने दाखविण्याची रीत आहे.

हाच नियम रोह्यास लावणारा मात्र फसेल. तेथे कुंडलिकेच्या कालव्यांवर उन्हाळी भात होते. ते पाणी मूळचे घाटमाथ्याचे. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मावळ्यांसह सत्याग्रह केला, तेथून भिऱ्याच्या वीजगृहात उतरून येणारे. म्हणजे एकाच चित्रातील तांबडा रंग रोह्यास पिकलेले शेत सांगतो आणि धरमतरच्या काठी बुडालेले. कापणीनंतर, पावसाआधी आणखी एक चित्र पाहिले की भात नाहीसे झालेले असते, तिवर तेथेच.

तिवर वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मासळी व कोळंबीची पिले त्याच्याच मुळांत वाढतात, लाटांचा मारही तेच सोसते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर तिवरतोडीस बंदी केली, ती आम्हांस योग्यच वाटते. परंतु ज्याच्या शेतात ते आपणहून उगवले, त्याने काय करावे? सातबारा त्याच्या नावाचा, आणि पुन्हा भात लावण्यास तिवर तोडण्याची मात्र मुभा नाही. खांड कोणत्या साली पडली, याचा कागद अशा कुटुंबापाशी सहसा नसतो. लँडसॅटची जुनी चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळू लागली आहेत. वर्षावर्षाचा वैशाख शेजारीशेजारी मांडून, आपल्या शेतात तांबडा ठिपका प्रथम केव्हा उमटला, हे त्यांस दाखविता येईल.