बिदरीची तार आणि पहिली मॅक्रो लेन्स

बिदरला गेलात तर किल्ल्याचे फोटो काढालच. पण बिदरीकामही जवळून पाहा. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर छिन्नीने खाचा कोरून त्यांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण लावलं की धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच चमकते. लांबून घेतलेल्या फोटोत ही सगळी मेहनत नुसती पांढरी रेघ होऊन जाते.

त्यासाठी लगेच मॅक्रो लेन्स घ्यायची? (आम्हा आयटीवाल्यांना सर्वांत महाग वस्तू आधी कार्टमध्ये टाकायची खोडच असते.) माझ्या मते आधी एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी ही पोकळ कडी. आत काच नाही, म्हणून स्वस्त. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या किमान निम्म्या आकाराची होते. उजेड कमी पडतो, पण बिदरी सुरई काही हलत नाही. शटर सावकाश ठेवा. रंगीन महालातलं काळ्या दगडातलं शिंपल्यांचं जडावकामही असंच निवांत टिपता येतं.

कारागिराची चालती छिन्नी टिपायची असेल तर मात्र ट्यूब फार जवळ नेते, आपलीच सावली कामावर पडते. कलबुर्गीकडच्या शेतात तुरीच्या फुलावरची मधमाशीही इतक्या जवळून उडूनच जाणार. तिथे ९०-१०० मिमीची मॅक्रो हवी.

तोवर वाचलेल्या पैशांत चौबाऱ्याजवळच्या दुकानातून एखादी बिदरी डबी घ्या. खिडकीपाशी, बाजूच्या उजेडात, सरावाला उत्तम.