भिवंडीच्या रद्दीतील चित्रे

नोकरीची बहुतेक वर्षे भिवंडीत काढून मी निवृत्तीनंतर कल्याणास येऊन राहिलो, तरी महिन्यातून एखादी फेरी तिकडे होतेच. दुर्गाडीचा पूल ओलांडून खाडी मागे टाकली की कोनगाव लागते, मग दुतर्फा गुदामांची रांग, आणि गाव जवळ आले की यंत्रमागांचा खडखडाट. नवख्या माणसास त्याचा उपद्रव होतो. मी त्या आवाजावर आवाज चढवून तीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकून घेतली. त्यामुळे वीज जाऊन माग थांबले म्हणजे मलाच चुकल्याचुकल्यासारखे होते.

गाव जुने आहे. कामवारी नदीच्या काठचे हे एके काळचे बंदर. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याणाबरोबर तेही घेतले. ब्राह्मण आळी, कासार आळी, निजामपुरा ही नावे ऐकली म्हणजे पूर्वी कोण कोठे राहत असेल याचा तर्क होतो. आता मात्र त्या नावांवरून माणसे ओळखू जाल तर फसाल. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, येथलेच कोकणी मुसलमान, आगरी, कोळी असा हा मेळा आहे. माझ्या वर्गातील एक पद्मशाली मुलगा घरी तेलुगू, गल्लीत उर्दू आणि शाळेत मराठी बोले, आणि संस्कृतात पहिला येई.

गेल्या आश्विनात बाजारपेठेमागील एका बोळातून जात असता रद्दीच्या दुकानातून हाक आली, "गुरुजी, जरा आत या. तुमच्याजोगे एक पुस्तक आले आहे." दुकानदार माझाच विद्यार्थी. त्याने एक जाड इंग्रजी पुस्तक पुढे ठेवले. पुठ्ठा नाही, पहिली पाने नाहीत, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. परंतु आत चित्रेच चित्रे! गेल्याच्या गेल्या शतकातील ती खोदचित्रे होती. एका भागात पृथ्वीवरचे राजे व राण्या, दुसऱ्या भागात पृथ्वीवरचे लोक.

आजच्या मुलांस ह्या चित्रांमागील कष्टांची कल्पना येणार नाही. छायाचित्राचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला खरा, पण छायाचित्र अक्षरांच्या खिळ्यांबरोबर यंत्रावर छापण्याची सोय शतकाच्या अखेरीपर्यंत नव्हती. तोवर कारागीर छायाचित्र पुढे ठेवून तांब्याच्या वा पोलादाच्या पत्र्यावर, अथवा कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर, सूक्ष्म रेघा कोरून त्याची नक्कल उठवी. गालावरील सावली म्हणजे शेकडो रेघांचे जाळे. पोलादी पत्र्यावरून हजारो प्रती निघत; म्हणून एकच चेहरा देशोदेशी जाई.

पहिल्याच पानांत व्हिक्टोरिया राणी होती. तिला ओळखावयास मला चित्राखालचे नाव वाचावे लागले नाही. माझ्या आजीच्या फडताळात एका डबीत चार राणीछाप रुपये असत. एकेक तोळाभर वजनाचा. १८६२ पासून राणीचा जो मुकुटधारी चेहरा रुपयावर आला, तोच १९०१ पर्यंत राहिला. १८७७ पासून अक्षरे बदलून राणीची सम्राज्ञी झाली, पण चेहऱ्यावर सुरकुती म्हणून पडली नाही. त्रेचाळिसाव्या वर्षीची बाई एक्याऐंशीव्या वर्षी वारली, ती रुपयावर तशीच तरुण! हिंदुस्थानात तिने एकदाही पाऊल ठेवले नाही. तरी ज्या हाटात तिचा रुपया फिरला, तेथे तिचे तोंड सर्वांच्या ओळखीचे झाले.

राजांच्या चित्रांवर विद्वानांनी केवढी मेहनत घेतली आहे! खुद्द शिवाजी महाराजांच्या नावाने आपल्याकडे कित्येक वर्षे भलत्याच मुसलमान सरदाराचे चित्र पुस्तकांतून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथातील चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांपुढे मांडले, तेव्हा ती चूक सुधारली. चेहरा चुकला तर तो दुरुस्त करण्यासाठी कोणी तरी आयुष्य वेचावे, हे राजाचे भाग्य.

आता दुसरा भाग. तेथे प्रत्येक पानावर चार चार माणसे. खाली लिहिलेले, 'एक ब्राह्मण', 'एक कोळी', 'एक अरब', 'मुंबईकडील स्त्री'. नाव कोणाचेच नाही. ही त्या काळची रीतच होती. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने मुंबईतील जातीजमातींचा छायाचित्रसंग्रह १८६३ व १८६६ असा दोन भागांत काढला. त्यात माणसांची छायाचित्रे एकीकडे घेऊन ती दुसऱ्याच देखाव्यांवर बसविली आहेत. म्हणजे माणूस खरा, पण त्याच्या पाठीमागचे गाव त्याचे नव्हे. पुढे सरकारनेच फोर्ब्स वॉटसन व के यांच्या हस्ते १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांचा मोठा ग्रंथ काढला, त्यात साडेचारशेंहून अधिक छायाचित्रे आहेत. १८५७ च्या बंडानंतर प्रजा कोणकोणती आहे हे राज्यकर्त्यांस पाहून ठेवावयाचे होते. अशा छायाचित्रांवरून कोरणाऱ्याने कोरले, त्यावरून दुसऱ्याने, आणि तो ब्राह्मण फिरत फिरत ह्या रद्दीत येऊन पडला.

मी त्या ब्राह्मणाकडे पुष्कळ वेळ पाहिले. नाक सरळ, कपाळावर गंध, खांद्यावर उपरणे, डोळ्यांत किंचित त्रासिक भाव. फार वेळ निश्चल बसविले असावे. कोणाच्या तरी घरचा हा यजमान. त्याचे पणतू आज पुण्यात असतील, अमेरिकेत असतील, आणि भिंतीवर पूर्वजाचे चित्र नाही म्हणून हळहळतही असतील. नैयायिकांनी पदाचा अर्थ सांगताना व्यक्ती, आकृती आणि जाती अशी तीन अंगे मानली आहेत. येथे आकृती होती, जाती होती; व्यक्ती तेवढी नाहीशी झाली होती. त्या साहेबांचा मला राग आला, हे कबूल करतो. आपल्या जातीचा माणूस निनावी पाहिला म्हणजे राग लवकर येतो.

पान उलटले. 'एक कातकरी'. कमरेस लंगोटी, हाती कोयता, केस विस्कटलेले. आणि माझा राग जागच्या जागी थांबला.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. दिवाळीनंतर आमच्या शाळेत एक कातकरी मुलगा आला. आईबाप पडघ्याच्या बाजूस वीटभट्टीवर होते. मुलास गावात कोणी ठेवून घेतले होते. तो दाराजवळ बसे. एके दिवशी पाठात 'खदिर' हा शब्द आला. मी म्हटले, "खदिर म्हणजे खैर. कोणी पाहिला आहे काय?" सगळा वर्ग गप्प. हा उठला आणि खैराचे साल कसे असते, आतला लाल गाभा कसा तासतात, तो उकळून काथ कसा आटवतात, हे त्याने इतके नेटके सांगितले की मी खडू खाली ठेवला. त्या जमातीचे नावच काथावरून पडले, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्याला हातांतून ठाऊक होते. मी खूश होऊन म्हणालो, "शाबास रे, कातकरी!"

मी त्याला नेहमी तसेच हाक मारीत असे. इतर मुलांस नावाने अथवा आडनावाने. त्यात मनात खोट नव्हती. कोणासच काही वावगे वाटले नाही, आणि तोही "जी" म्हणून उठे. पावसाळ्याच्या तोंडी भट्ट्या बंद झाल्या, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. मी हजेरीपटावर रेघ ओढली. त्या पटावर त्याचे नाव रोज माझ्याच हाताखालून जात होते. आज ते मला आठवत नाही. त्याचा चेहरा मात्र मी ओळखीन, कोरून दाखवीन म्हटले तरी चालेल.

दुकानदार त्याच वर्गातला. मी विचारले, "अरे, तुमच्यात तो खैराचा मुलगा होता, आठवतो का?"

"आठवतो तर, गुरुजी. विटी लांब मारायचा."

"नाव काय रे त्याचे?"

तो पुष्कळ वेळ गठ्ठ्याच्या सुतळीशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, "आम्हीसुद्धा त्याला तुमच्यासारखेच हाक मारायचो."

शाळेत जुने पट पाहावयास मिळतील म्हणून मी तसाच तिकडे गेलो. खालच्या खोलीतील दप्तर एका पुरात भिजून गेले आणि मग टाकून दिले, असे शिपायाने सांगितले. कोठे टाकले असेल, याचा विचार करीत मी परत दुकानाशी आलो. पण चाळीस वर्षांची रद्दी कोण ठेवतो?

पुस्तकाचे पैसे तो घेईना. मी बळेच शंभर रुपये त्याच्या गल्ल्यात ठेवले. निघताना तो म्हणाला, "गुरुजी, दिवाळी झाली की पडघ्याकडे भट्ट्या लागतात. त्यांच्यातली जुनी माणसे येतात. आपण जाऊन विचारू. तो गेला असला तरी भाऊबंद असतील."

दिवाळीस अजून तीन आठवडे होते. मी त्याला माझा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला, पुस्तक पिशवीत घातले आणि कल्याणची गाडी धरली.