विहिरीत पडलेले ताट

पोलादपूरच्या त्या घराच्या मागील दारी विहीर आहे. रहाटाशेजारच्या भिंतीत एक खुंटी असून तिला वर्षानुवर्षे एक लोखंडी गळ टांगलेला आहे. मधोमध जाड कडी आणि कडीभोवती वाकवलेली पाच-सहा टोके, एवढेच त्याचे रूप. शेजारीपाजारी त्याला गळ म्हणतात. घरात मात्र पिढीजात गुजराती शब्दच चालतो: मींदडी, म्हणजे मांजर. ज्याने कुणी हे नाव प्रथम दिले, त्याने मांजराचा पंजा नीट पाहिलेला असावा.

घरातील आजोबांचे भांड्यांचे दुकान महाडच्या बाजारपेठेत आहे. आयुष्यभर त्यांनी तांब्यापितळेचा आणि पुढे स्टीलचा माल विकला. विकलेली भांडी लोकांच्या विहिरींत पडत, तेव्हा ती काढून देण्यासाठीही बोलावणे त्यांनाच येई. ‘शेठ, कळशी गेली,’ असा निरोप आला की दुकान मुनीमजींवर सोपवून ते निघत. या कामाचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही. गळ कुणाला उसना मात्र दिला नाही. दोर दुसऱ्याच्या हाती गेला की बोलत नाही, असे ते म्हणत.

दोर बोलतो ही त्यांच्या लेखी अलंकारिक गोष्ट नव्हती. गळ तळाला टेकल्यावर दगड असेल तर हाताला कोरडा ठोका लागतो, गाळ असेल तर काहीच लागत नाही, आणि पितळ असेल तर बारीक थरथर दोरातून वर येते. त्याआधीचे काम डोळ्यांचे. भांडे पडताच घाईने पोहरे सोडून पाणी ढवळायचे नाही. गाळ बसू द्यायचा. दुपारी सूर्य डोक्यावर आला की काठावर आरसा धरून ऊन विहिरीत उतरवायचे आणि त्या कवडशाने तळ पाहायचा. भांडे कसे पडले आहे, तोंड वर आहे की खाली, हे कळल्याशिवाय गळ सोडणे म्हणजे अंधारात लेखणी चालवणे.

कळशी काढणे त्या मानाने सोपे. तिला गळा असतो. गळाचे एक टोक तोंडातून आत गेले की काठात अडकते. पुढचा धोका पाण्याच्या पृष्ठभागाशी असतो. पाण्यात असेपर्यंत भरलेली कळशी हलकी वाटते. ती पाण्याबाहेर येऊ लागली की आतल्या पाण्याचे सगळे वजन एकदम दोरावर येते आणि नेमकी तेथेच ती सुटते. नवख्या माणसाचा आनंद याच ठिकाणी बुडतो. आजोबा तेथे थांबत, दुसऱ्या माणसाकडून शेजारी पोहरा सोडवीत आणि मग कळशी हळूहळू तिरपी करून तिच्यातले पाणी सांडू देत.

घरातील आजींचे दंडक निराळे होते. सूर्यास्तानंतर गळ विहिरीत जायचा नाही. तो वरून आपटायचा नाही, दोर सोडत सोडत टेकवायचा. पाणी गाळून झाल्यावर गळण्यातले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत अलगद सोडणारे ते घर. एका तांब्यापायी त्याच विहिरीत लोखंड आदळणे त्यांना सहन होत नसे. आजोबांना हा नियम सोयीचाच वाटे, कारण आपटलेला गळ गाळात रुततो आणि तळ दिसेनासा होतो.

खरी परीक्षा ताटाची. ताटाला गळा नाही, कान नाहीत, कडी नाही. शिवाय ते पडले तेथे सापडत नाही. कळशी सरळ खाली जाते, ताट मात्र पाण्यात डोलत, कडेवर घसरत भलतीकडे जाते आणि गाळावर असे पसरते की गाळ त्याला धरूनच ठेवतो. सरळ वर ओढले तर ते हलत नाही. आधी आडवे सरकवावे लागते, म्हणजे कड सुटते व खाली पाणी शिरते. आजोबांच्या हिशेबी शंभर कळश्यांमागे एक ताट पडे आणि तेवढ्या एका ताटापायी अख्खी दुपार जाई.

हे सगळे आठवण्याचे निमित्त गेल्या वर्षी अमेरिकेतून आले. आजोबांचा नातू शिकण्यासाठी मिनेसोटात आहे. त्या प्रांतात तळी फार. तेथे त्याला डिस्क गोल्फचा नाद लागला. गोल्फच्या चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती हाताने फेकायची आणि साखळ्या लावलेल्या उभ्या टोपलीत कमीत कमी फेकींत टाकायची, असा हा खेळ. साखळ्यांची टोपली रूढ करणाऱ्या एड हेड्रिक यांनी १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन केली, तेव्हापासून तो तिकडे चांगलाच पसरला आहे. चकती साधारण २१ सेंटीमीटर व्यासाची, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाची. काही हलक्या चकत्या तरंगतात, बहुतेक बुडतात. मैदानात तळे असले की चकत्या बुडायच्याच, म्हणून त्या काढण्याची हत्यारेही बाजारात आली आहेत: टोकाला कडे लावलेली, एकात एक सरकणारी लांब काठी, दोरीला बांधून फेकायची वजनदार लोखंडी चौकट, आणि असेच आणखी काही.

नातवाची चकती काठापासून पंधरा-वीस हात आत पडली होती. त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि हसत विचारले, ‘‘दादा, आपली मींदडी पाठवता का?’’ मग सहज म्हणून सांगितले की पाणी फार खोल दिसत नाही, तेव्हा तो बूट काढून आत उतरणारच आहे.

आजोबांचा आवाज बदलला. ‘‘बरोबर कोण आहे?’’

‘‘कुणी नाही.’’

‘‘मग पाण्यात पाय घालायचा नाही. चकती केवढ्याची?’’

‘‘पंधरा-वीस डॉलर.’’

‘‘गेली असे धर. काठावर बस आणि आधी मला दाखव.’’

चकतीपायी एवढी कठोरता नातवाला अनपेक्षित नव्हती. सावित्री त्यानेही पाहिलेली आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल सावित्रीच्या पुरात कोसळला. जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या आणि एक खाजगी मोटार नदीत गेली. पोलादपूरहून महाडला जाणारी वाहने याच जुन्या पुलावरून जात. आजोबा त्याच दिवशी सकाळी दुकान उघडण्यासाठी त्यावरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी सारा तालुका लोटला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, तटरक्षक दल, नौदल असे सगळे आले. क्रेनला तीनशे किलोंचे लोहचुंबक बांधून ते पुराच्या पाण्यात सोडण्यात आले. बारा वर्षांचा नातू आजोबांचे बोट धरून उभा होता. एवढा मोठा गळ पाहून त्याने विचारले, ‘‘दादा, तुम्ही का नाही टाकत? तुम्हाला तर लगेच कळतं.’’ आजोबांना उत्तर सुचले नाही. विहिरीला चार भिंती असतात. पडलेली वस्तू कितीही भरकटली तरी भिंतीच्या आतच असते. नदीत ‘येथे पडली’ या शब्दांना रात्र उलटेपर्यंत अर्थ उरत नाही. काहींचे मृतदेह आंजर्ल्याच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले. पहिल्या बसचा सांगाडा आठवडा उलटून गेल्यावर सापडला, तोही नौदलाच्या पाणबुड्यांना. गढूळ पाण्यात उतरून माणसांनीच तो शोधला. तोपर्यंत प्रवाशांचे नातेवाईक काठावर पावसात बसून होते. त्यांच्यातल्या कुणाशी काय बोलावे हे न कळून आजोबा दुकानातून चहाची किटली आणि पेले नेत व मुकाट्याने परत येत. नवा पूल पुढे १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. आजोबा मात्र त्यावरून जाताना मोटारीच्या खिडकीबाहेर पाहत नाहीत.

मिनेसोटाच्या तळ्याकाठी नातू बसला आणि फोनचा कॅमेरा पाण्याकडे धरला. आजोबांनी आपले जुनेच प्रश्न विचारले. कुठे पडली, कशी पडली, तळ दगडी की गाळाचा? चुंबकाचा विचार दोघांच्याही मनात आला नाही. भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या मुलाला चुंबकाची मर्यादा सांगावी लागत नाही. अजूनही एखादे चोखंदळ गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढून स्टीलच्या डब्याला लावते आणि तो चिकटला नाही म्हणजे माल अव्वल, असे समजून खूश होते. हलक्या प्रतीच्या स्टीललाही तो पुष्कळदा चिकटत नाही, हे त्याला कोण सांगणार! प्लास्टिकला तर काय चिकटायचे.

‘‘हे ताट आहे,’’ आजोबा शेवटी म्हणाले. ‘‘गळाचे काम नाही. दाताळे आण.’’

बागेतला पाला ओढायचे लोखंडी दाताळे नातवाने घरमालकाकडून आणले, दांडा काढला आणि फणीला दोर बांधला. आजोबांनी सांगितले: त्यावर आणखी वजन बांध, म्हणजे दात गाळात रुतून कडेखालून जातील, नाहीतर पालथ्या चकतीच्या पाठीवरून घसरतील. चकतीवर फेकू नकोस, तिच्या पलीकडे फेक. मग ओढ, पण बैलगाडीच्या चालीने. काही लागले असे वाटले तरी उचलू नकोस, तसेच काठापर्यंत सरकव. काठाशी जाळी खाली धरल्याशिवाय पाण्याबाहेर काढू नकोस.

पहिल्या खेपेला शेवाळ आले, दुसऱ्याला काहीच नाही. पोलादपुरात रात्रीचे साडेअकरा वाजले. सून दोनदा डोकावून गेली. आजोबांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि दोर आपल्याच हातात असल्यासारखी त्यांची बोटे हलत होती. सहाव्या की सातव्या खेपेला चकती आली. ती नातवाची नव्हती.

गाळाने काळी पडलेली, कधीपासून तळाशी असलेली कुणाची तरी दुसरीच चकती होती. पुसल्यावर मागे शाईने लिहिलेले नाव व फोन नंबर निघाला. तेथे प्रत्येक खेळाडू चकतीवर नाव घालतो, ही गोष्ट आजोबांना फार आवडली. आपल्याकडेही लग्नातल्या भांड्यांवर नाव, गाव आणि तारीख कोरून देण्याची रीत होती. दुकानाच्या पायरीवर बसून बारीक छिन्नीने टकटक अक्षरे पाडणारा कारागीर आजोबांनी कित्येक वर्षे पोसला. पंगतीला गेलेली परात, नदीवर विसरलेला हंडा त्या अक्षरांच्या आधाराने घरी परत येई.

‘‘फोन कर त्याला,’’ आजोबा म्हणाले.

‘‘दादा, माझी अजून आत आहे.’’

‘‘ती उद्या. हा किती दिवस वाट पाहत असेल.’’

नातवाने फोन केला. पलीकडच्या गृहस्थाला आपली चकती कोणत्या साली बुडाली तेही आठवत नव्हते, पण तो संध्याकाळी मुद्दाम गाडी काढून आला. नातवाची चकती आजही तळ्यातच आहे.

महाडच्या दुकानात समोरच्या फळीवर विक्रीच्या मालात न बसणारी एक जुनी पितळी कळशी आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ बुडाली आणि पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल राहिला. आजोबांचा पुष्कळ माल त्यात गेला. चिखल उपसताना फावड्याला ती कळशी लागली. ती दुकानातली नव्हती, कुठल्या घरातून वाहत आली कोण जाणे. गळ्याखाली नाव कोरलेले आहे, पण पोचा पडल्याने त्यातले ‘बाई’ एवढेच वाचता येते, आणि गावाच्या नावातले शेवटचे अक्षर. मोडीच्या भावाने ती घेण्यास दोघातिघांनी विचारले. आजोबांनी दिली नाही. सकाळी दुकान उघडल्यावर ते प्रथम ती पुसतात आणि नाव रस्त्याकडे येईल अशी फिरवून ठेवतात.