तासिका तत्त्वावर

पातूरहून अकोल्याला निघणाऱ्या सकाळच्या एस.टी.त पदवीधरांची वानवा नसते. आम्ही बहुतेक कोरडवाहू कपाशी-सोयाबीनच्या घरांतले. शेतीने भागत नाही म्हणून शिकलो. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मुलांना शाळेचे दार उघडले आणि त्यातूनच मास्तरकीची वाटही निघाली. ही वाट 2 मे 2012 च्या शासननिर्णयाने अडली. भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर 2017 मध्ये. मधल्या साडेपाच वर्षांत आमच्या बी.एड.च्या प्रमाणपत्रांना घड्या पडल्या, वय मात्र थांबले नाही. एम.ए., सेट झालेले महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवू लागले. जितके तास, तितकाच मोबदला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तोही नाही.

तरी दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, मराठीत एम.ए. करू का?" भाषेवर प्रेम असेल तर कर, हे ठरलेले उत्तर आम्हांला देववत नाही. त्याचा प्रश्न भाषेचा नसतोच. शिकून इथेच जगता येईल का, हे तो विचारत असतो. म्हणून आम्ही आधी तासांचा हिशोब मांडतो. तो ऐकूनही जो वर्गात येतो, त्याला कविता शिकवताना आमचा आवाज चाचरत नाही.