पिशवीत काय आहे?

चौथीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता, 'भाषा कच्ची. घरी मराठी बोलावे.' त्याच्या अम्मीने सही केली आणि हळूच विचारलं, "सर, आम्हाला धड येत नाही. मग घरात गप्प बसायचं का?" मला उत्तर सुचलं नाही.

पुण्यातल्या आमच्या मराठी शाळेत मोमीनपुरा, भवानी पेठेतली बरीच मुलं. घरी दखनी बोलणारी. 'माझा आवडता सण' लिहायला सांगितलं की सगळ्यांची तीच पाच वाक्यं. शीरखुर्म्याचा वास कुणाच्याच वहीत नसे. हा मुलगा तर बोलतच नसे, कारण त्याचं प्रत्येक वाक्य मी मध्येच दुरुस्त करत असे.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तू वापरल्या. ते आठवून मी एका कापडी पिशवीत घरातल्या वस्तू भरल्या. नियम असा : आत हात घालायचा, वस्तू चाचपायची आणि वर्णन करायचं. नाव आणि उपयोग सांगायचा नाही. शब्द कुठल्याही भाषेतला चालेल.

त्याची पाळी आली. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "थंड आहे. कडेला चिकना. मध्ये खुरदरा... अब्बांनी दोन दिवस दाढी नाही केली, तसा."

"किसणी!" वर्ग ओरडला. 'खुरदरा'ला मराठीत काय म्हणायचं, यावर मग मुलांनीच वाद घातला. 'खरखरीत' फळ्यावर आला. त्या दिवशी तो शब्द मी शिकवला नाही. त्यांना तो हवा होता.

नंतर जोड्या केल्या. पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने चित्राचं वर्णन करायचं, दुसऱ्याने ते काढायचं. चाळीसच्या वर्गात एरवी एक बोलतो, इथे एका वेळी वीस बोलतात. "झाडाजवळ घर" एवढंच सांगितलं तर घर झाडाच्या भलत्याच बाजूला जातं. डावीकडे, थोडं मागे, झाडाहून बुटकं, हे सांगण्याची गरज तिथे मुलांनाच कळते.

त्याची भाषा कच्ची नव्हती. माझा प्रश्न कच्चा होता. उत्तर मला आधीच ठाऊक असेल, तर मुलाने सांगावं तरी कशासाठी?

पुढच्या पालकसभेत त्याच्या अम्मीला म्हणालो, "घरी तुमच्याच भाषेत बोला, पण भरपूर बोला. बाजारातून आला की काय काय पाहिलं ते विचारा."

ती हसली. म्हणाली, "आजकाल न विचारताच सांगतो, सर."