हमीपत्र

वर्गात सगळ्यात जास्त बोललेली मुलगी त्याच तासाला गैरहजर ठरली. वर्ष होत आलं, अजून डोक्यातून जात नाही.

एफ.वाय.बी.ए., तत्त्वज्ञान, ९६ मुलं, ४८ मिनिटांचा तास. प्लेटोचा 'फीड्रस' हा संवाद चालला होता. त्यात सॉक्रेटिस इजिप्तमधली एक कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लेखनकला घेऊन थामस राजाकडे येतो; म्हणतो, यानं स्मरणशक्ती वाढेल. राजा म्हणतो, उलट, लोक अक्षरांवर विसंबतील आणि आठवायचं सोडून देतील. मी म्हटलं, लेखनाच्या जागी मोबाईल घाला. घरच्यांचे किती नंबर पाठ आहेत? बहुतेकांना स्वतःचा सोडून एकही सांगता येईना.

मागच्या बाकावरून ती म्हणाली, "सर, प्लेटोनं हे लिहून ठेवलं नसतं तर आपल्याला कळलं असतं का?" मग तिनं आजीचा विषय काढला. गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी राहिले, असं आजी सांगते. आजीला लिहिता येत नाही, पण शंभरेक अभंग पाठ. "आमच्या घरच्या फोनमध्ये अख्खी गाथा आहे, आणि मला चार येतात."

एक मुलगा उसळला, "पण हवा तो अभंग तुला सेकंदात सापडतो. आजीला?"

"आजीला शोधावाच लागत नाही."

तास संपल्यावरही कोणी उठेना. असे तास वर्षात दोन-तीनच मिळतात.

'घरच्या फोनमध्ये' हे शब्द मी ऐकले आणि सोडून दिले. फोन एकच होता, तो भावाबरोबर डिलिव्हरीच्या कामावर जायचा. आमच्याकडे हजेरी म्हणजे फळ्यावरचा क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलनं स्कॅन करणं. ऑक्टोबरात डिफॉल्टर लिस्ट लागली, त्यात ती. ७५ टक्के भरत नव्हते.

मी तिला घेऊन ऑफिसात गेलो.

"सर, सिस्टीममध्ये अ‍ॅबसेंट दिसतेय."

"अहो, मी शिकवत होतो. ती समोर बसली होती."

"मग त्याच दिवशी कळवायचं. आता एंट्री लॉक झाली."

"मी लेखी देतो."

"लेखी कुठं अपलोड करू?"

मी आवाज चढवला. तेही बिचारे नोकरीच करत होते. शेवटी म्हणाले, "बरं, बघतो. नाव काय तिचं?"

मला नाव येत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात जाऊन मी तिलाच विचारलं. तिनं सांगितलं, आडनावासकट, सावकाश, फॉर्म भरून घेणाऱ्याला सांगतात तसं.

पूर्वी मस्टरवर नावं पुकारून दिवाळीपर्यंत सगळा वर्ग मला पाठ व्हायचा. आणि हे अ‍ॅप आणा म्हणून स्टाफ मीटिंगमध्ये हट्ट कोणी धरला होता? मीच. पुकारण्यात दहा मिनिटं जायची, वर प्रॉक्सी. खरं सांगायचं तर मस्टर परत यावं असं आजही वाटत नाही. फक्त ज्यांच्या कॉलेजात असं अ‍ॅप आहे त्यांनी खिशात एक चाळीस पानी वही ठेवावी आणि फोन नसलेल्यांची नावं तिथल्या तिथं टिपावीत.

तिला परीक्षेला बसू दिलं. त्यासाठी हमीपत्र घेतलं: 'यापुढे तासांना नियमित उपस्थित राहीन.' तिनं ते माझ्यासमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली विषय-शिक्षक म्हणून सही माझी आहे.